जाताना अकरा, येताना सहा?



कागद-पेन्सिल घेऊन बसा बरं! आज आपल्याला विमानाने दिल्लीहून जपानच्या टोकियोला जाऊन परत यायचंय. तेही तिकिटाशिवाय!

दिल्ली ते टोकियो हवाई अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर. समजा, विमान दिल्लीहून रात्री ९ ला निघालं आणि टोकियोला सकाळी ८ ला उतरलं. परतताना टोकियोहून सकाळी ११.३० ला निघालं आणि दिल्लीला संध्याकाळी ५.३० ला पोहोचलं. सांगा, प्रवासाला किती वेळ लागला?

वेळापत्रक पाहून हेच गणित मी सहावीच्या वर्गात घातलं. सगळ्यांनी पटापट वजाबाकी केली. जाताना ११ तास, येताना ६! "बाई, घरी येताना पाय लवकर उचलतात ना, तसंच विमानाचं!" एकजण म्हणाला. वर्गात हशा पिकला.

मग मी घड्याळांची गंमत सांगितली. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते, जपानची १३५ अंशांवरून. फरक ५२.५ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. म्हणजे २१० मिनिटं, साडेतीन तास! जपानचं घड्याळ आपल्या तेवढं पुढे. म्हणून जातानाच्या ११ तासांतून साडेतीन वजा करायचे आणि येतानाच्या ६ तासांत मिळवायचे. खरी उत्तरं साडेसात आणि साडेनऊ तास.

तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, अंतर तेवढंच, विमानही तसंच. मग येताना दोन तास जास्त का?"

तास संपत आला होता. "अगं, वेळ लिहिताना माझीच चूक झाली असेल," म्हणत मी फळा पुसला. घरी येऊन वेळापत्रक पुन्हा पाहिलं. वेळ बरोबर होती. चुकलं होतं ते माझं उत्तर!

कारण आहे वारा. साधारण १० किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो. उत्तरेची थंड हवा आणि दक्षिणेची उबदार हवा यांच्या सीमेवर तो तयार होतो. हिवाळ्यात जपानवर त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला १०० चा वारा पाठीमागून मिळाला, तर वेग १,००० होतो. तोच समोरून आला तर उरतो ८००. वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध सायकल चालवून पाहा, लगेच कळेल.

हा वारा जपानच्याच वासाबुरो ओइशी या शास्त्रज्ञांनी १९२०च्या दशकात आकाशात फुगे सोडून मोजला होता. साऱ्या जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ मध्ये आपला अहवाल एस्परांतो या नव्याने घडवलेल्या भाषेत छापला. पण ती भाषा जाणणारे थोडेच, त्यामुळे त्याकडे फारसं कुणी लक्षच दिलं नाही!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "काल हिचा प्रश्न बरोबर होता. मीच तो पुसून टाकला." ती नुसती हसली. त्या दिवसापासून मात्र मागच्या बाकावरचे हात जास्त वर होऊ लागलेत.

आता तुमच्यासाठी एक गणित. दुबईची प्रमाणवेळ ६० अंश पूर्व रेखावृत्ताप्रमाणे आहे. मुंबईत दुपारचे १२ वाजले असतील, तर दुबईत किती वाजले असतील? आईबाबांनाही घाला हं हे गणित!

तुमच्या बाई