उसना दिलेला खेळाडू

मुलगा पुढें कोण होणार, हें लहानपणींच ठरवून टाकण्याची घाई पालकांस फार असते. आम्हां शिक्षकांसही ती कमी नसते. आमच्या विद्यार्थ्यांस फुटबॉलचा नाद आहे, म्हणून त्यांच्या आवडीचेंच एक उदाहरण आम्ही या घाईविषयीं देऊं इच्छितों.

हॅरी केन याचा जन्म 28 जुलै 1993 रोजीं लंडन येथें झाला. आर्सेनल या नामांकित क्लबानें त्यास आपल्या बालविभागांत घेतलें आणि एका हंगामानंतर घरीं पाठविलें. त्या वेळीं त्याचें वय आठ-नऊ वर्षांचें होतें. मुलगा अंगानें जरा स्थूल आहे, चपळ नाहीं, असें तेथील परीक्षकांस वाटलें. पुढें 2004 सालीं टॉटनहॅम क्लबानें त्यास जवळ केलें.

तेथेंही वाट सरळ नव्हती. इंग्लंडांत मोठे क्लब आपले तरुण खेळाडू कांहीं महिन्यांसाठीं दुसऱ्या क्लबांस उसने देतात. केनला असें चार वेळां जावें लागलें. 2011 च्या आरंभीं तो लेटन ओरिएंटकडे, तिसऱ्या श्रेणींत खेळावयास गेला. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें टॉटनहॅमकडून पहिला सामना खेळतांना त्याची पेनल्टी गोलरक्षकानें अडविली. नॉरिचकडे गेला तों पायाचें हाड मोडलें, आणि तेथें त्याच्या हातून एकही गोल झाला नाहीं. 2013 मध्यें लेस्टरकडे पुष्कळदां राखीव बांकावर बसावें लागलें. असलीं प्रगतिपुस्तकें घेऊन मुलगा घरीं आला असता, तर किती वडिलांनीं त्यास दुकानावर बसविलें नसतें?

या चार मुक्कामांत आम्हांस मिलवॉलचा विशेष मोलाचा वाटतो. 2012 च्या आरंभीं केन तेथें गेला, तेव्हां तो संघ खालच्या श्रेणींत घसरण्याच्या बेतांत होता. अर्ध्या हंगामांत त्यानें नऊ गोल केले, आणि संघ टिकला. अठरा वर्षांच्या मुलाच्या चुकीनें संसारी माणसांची मिळकत धोक्यांत येते, ही गोष्ट बालविभागाच्या मऊ हिरवळीवर शिकवितां येत नाहीं.

यावर कोणी वेन रूनीचें नांव घेईल. 19 ऑक्टोबर 2002 रोजीं, सतरा वर्षेंही पुरीं झालीं नसतां, त्यानें एव्हर्टनकडून अखेरच्या क्षणीं गोल करून आर्सेनलला हरविलें. तसा मुलगा वर्गांत आला, तर त्यास अडविणारे आम्ही कोण? परंतु शाळा कांहीं केवळ रूनींसाठीं उघडलेली नसते. शिवाय आर्सेनलच्या परीक्षकांसही आम्ही हंसत नाहीं. त्या दिवशींचा मुलगा त्यांनीं बरोबरच पाहिला असेल; मात्र तेवढ्यावरून उद्यांचा मुलगा ठरविला, हें चुकलें. तसेंच नकार मिळालेला प्रत्येक मुलगा केन होत नाहीं, बहुतेकांस दुसराच व्यवसाय धरावा लागतो. तेव्हां फुटबॉलपायीं पुस्तकें गुंडाळून ठेवणाऱ्यांनीं आमच्या लेखाचा आधार घेऊं नये.

2014-15 च्या हंगामांत केननें टॉटनहॅमसाठीं 31 गोल केले. 27 मार्च 2015 रोजीं तो इंग्लंडकडून प्रथम मैदानांत उतरला, तो रूनीच्याच जागीं. आणि दीड मिनिटाच्या आंत त्यानें गोल केला. इंग्लंडसाठीं सर्वाधिक, म्हणजे 53 गोलांचा विक्रम रूनीच्या नांवावर होता. 23 मार्च 2023 रोजीं इटलींतील नेपल्स येथें केननें आपला 54 वा गोल करून तो मोडला. तो गोल पेनल्टीचा होता.