कुडा, बेल आणि अर्धवट राहिलेली परीक्षा

पावसाळा स्थिरावला की अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या दवाखान्यांत जुलाबाचे रुग्ण वाढतात. घरोघरी ओआरएसच्या पुडीशेजारी बेलाचा मुरंबा निघतो, कुड्याची कुटजघनवटी आणली जाते, तान्ह्याच्या गुटीत मुरुडशेंगेचे दोन वळसे जास्त पडतात. या औषधांवर पूर्ण भरवसा ठेवणारे पुष्कळ आहेत, त्यांना थोतांड म्हणणारेही आहेत. दोघांनाही पुरावा मात्र अर्धाच मिळालेला आहे, कारण या औषधांची परीक्षा मधेच थांबते.

तिची सुरुवात फार जुनी. पोर्तुगीजांनी मुंबई बेट ज्याला पट्ट्याने दिले होते त्या गार्सिया द ओर्ता या वैद्याने 1563 साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात अतिसारावरच्या एका मलबारी औषधीला स्वतंत्र प्रकरण दिले. ती औषधी म्हणजे आपला कुडा, असे अभ्यासक मानतात. पुढे 1858 मध्ये मुंबईतच हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून कोनेसीन हे अल्कलॉइड वेगळे केले. विसाव्या शतकात ते आमांशाच्या अमीबावर वापरले गेले, पण रुग्णांच्या झोपेवर आणि मनावर दुष्परिणाम दिसू लागल्याने मागे पडले. सालीची कीर्ती त्याआधीच ढासळली होती. पांढऱ्या कुड्याच्या नावाखाली काळ्या कुड्याची साल विकली गेली, गुण येईना, आणि दोष औषधाच्या माथी आला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दोन्ही झाडे आहेत. पांढऱ्याच्या जोडशेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या टोकाशी जुळलेल्या असतात. रानात राहणाऱ्यांना हा फरक सहज कळतो. पण वाळलेली साल पोत्यात भरली की तो पुसला जातो, म्हणून झाडाची ओळख पटवणे हीच पहिली चाचणी.

दुसरी अडचण प्रश्नाचीच होती. जंतू सापडल्यापासून प्रयोगशाळा प्रत्येक वनस्पतीला एकच प्रश्न विचारत राहिल्या: तू जंतू मारतेस का? 1959 मध्ये कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवले की पटकीचे जंतू गाळून काढलेला द्रवही आतड्यात पाणी भरतो. रोगी जंतूंच्या विषाने खंगतो, हे सिद्ध झाले. तेव्हा विषाला अडवणारे औषधही औषधच ठरायला हवे होते. वनस्पतींकडे या नजरेने पाहायला मात्र फार उशीर लागला.

डॉ. नोशीर अँटिया आणि डॉ. तन्नाझ बिर्डी यांच्या वरळीच्या फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्चने ते काम केले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुण्याजवळच्या परिंचे खोऱ्यातले कच्चे बेलफळ तपासले आहे. अर्क काढताना त्यांनी अल्कोहोल वापरले नाही, तर घरच्यासारखा पाण्यातला काढा केला. तपासलेल्या सहा प्रकारच्या जीवाणूंपैकी एकही या काढ्याने मेला नाही. जुन्या कसोटीवर बेल तिथेच नापास झाला असता. पण तोच काढा जीवाणूंना पेशींना चिकटू देत नव्हता, त्यांना पेशीत शिरायला अटकाव करत होता, पटकीच्या विषाची निर्मिती आणि पकड कमी करत होता. जिआर्डिया आणि रोटाव्हायरसवर तर तो थेट मारक ठरला. एका विषावर त्याचा काहीच परिणाम झाला नाही, आणि तेही शोधनिबंधात स्पष्ट नोंदवले आहे. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो, तो या सचोटीमुळे.

तरीही हे सगळे काचेच्या भांड्यातले निष्कर्ष आहेत, माणसाचे आतडे त्याहून वेगळे. पुढची पायरी कशी चढतात याचे उदाहरण अंधेरीतच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाचा लाल चीक तिथले आदिवासी जुलाबावर वापरत आले. त्यातल्या क्रोफेलेमर या द्रव्याची माणसांवर रीतसर चाचणी झाली आणि 2012 अखेर अमेरिकेने त्याला एचआयव्ही रुग्णांच्या जुलाबावर मान्यता दिली. ते औषधी द्रव्य बनवण्यात अंधेरीत मुख्यालय असलेल्या ग्लेनमार्कचा वाटा होता. परदेशी झाडासाठी जे झाले, ते आपल्या बेल-कुड्याच्या वाट्याला का येऊ नये? वैद्यांच्या अनुभवापासून सुरुवात करून प्रयोगशाळेकडे जायचे, हा उलटा मार्ग डॉ. अशोक वैद्य यांनी विलेपार्ल्यातल्या संशोधन केंद्रातून वर्षानुवर्षे मांडला आहे. त्यामुळे पद्धत माहीत नाही, ही सबबही उरत नाही.

जुहूच्या कूपर रुग्णालयाला 2015 पासून वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे, आणि घाटकोपरला राजावाडी रुग्णालय आहे. महापालिकेने पुढच्या पावसाळ्यापासून या दोन ठिकाणी, आधी प्रौढ रुग्णांवर आणि त्यांच्या संमतीने, बेलाच्या प्रमाणित काढ्याची चाचणी सुरू करावी. ओआरएस सर्वांनाच मिळावे, कारण जुलाबात जीव वाचवते ते पाणी आणि मीठ. काढा निम्म्यांना द्यावा आणि जुलाब किती तासांत थांबले ते मोजावे. फळांची ओळख वनस्पतीशास्त्रज्ञांकडून पटवून घ्यावी. निकाल बेलाच्या बाजूने लागो वा विरुद्ध, तो मराठीतही छापून प्रत्येक दवाखान्यात लावावा.