जगात जर्मनी, भारतात परभणी आणि एक निरुपयोगी संख्या

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही उक्ती आमच्या जिल्ह्यात अभिमानाने उच्चारली जाते, आणि बऱ्याचदा स्वतःचीच थट्टा करण्यासाठीही. फेब्रुवारी 2005 मध्ये जर्मनीतील मिशेलफेल्ड येथील नेत्रतज्ज्ञ डॉ. मार्टिन नोवाक ह्यांच्या संगणकाने पन्नासहून अधिक दिवस आकडेमोड करून एक मूळ संख्या शोधली. तिच्यात 78,16,230 अंक होते. डोळ्यांच्या डॉक्टरला तिचा उपयोग काय? काहीही नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ह्या शोधाकडे लक्ष द्यावे ते माझ्या मते नेमके ह्याच कारणासाठी.

शाळेतले गणित थोडे आठवू. जिला 1 आणि ती स्वतः एवढ्याच संख्यांनी निःशेष भाग जातो ती मूळ संख्या. 2 चा पाचवा घात 32. त्यातून 1 वजा केला की उरणारी 31 ही मूळ संख्या आहे. पण हीच कृती अकराव्या घातावर केली तर 2047 मिळते, आणि ती 23 व 89 ह्यांचा गुणाकार निघते. अशा रीतीने मिळणाऱ्या मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन ह्यांनी 1996 मध्ये एक सामुदायिक उपक्रम सुरू केला. जगभरातील स्वयंसेवक आपापल्या संगणकाचा रिकामा वेळ त्याला देतात. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घातांक येतो. 12 ऑक्टोबर 2024 रोजी ल्यूक ड्युरँट ह्यांना ह्याच उपक्रमात 4,10,24,320 अंकांची संख्या सापडली व ती तोवरच्या ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी ठरली. एका पानावर तीन हजार अंक छापले तरी ती छापायला साडेतेरा हजारांहून अधिक पाने लागतील.

अशा बातमीखाली एक वाक्य हमखास असते : मूळ संख्यांवर बँकांचे व्यवहार आणि संगणकीय गुप्तलेखन अवलंबून आहे. वाक्य खरे आहे, पण ह्या शोधाचे समर्थन म्हणून ते खोटे आहे. गुप्तलेखनाला लागणाऱ्या मूळ संख्या काही शे अंकांच्या असतात आणि त्या गुप्त राहिल्या तरच कामाच्या. कोट्यवधी अंकांची, जगभर जाहीर झालेली संख्या म्हणजे चौकात टांगलेली किल्ली. तिने कोणते कुलूप सुरक्षित राहणार?

हे खोटे समर्थन का करावे लागते, हे परभणीकरांना सांगायला नको. येथे 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. 'परभणी क्रांती' ह्या भेंडीच्या वाणाने गावाचे नाव दूरवर नेले. कोरडवाहू शेतीच्या मुलखात उपयोगाचा प्रश्न विचारणे हा अरसिकपणा नव्हे. मराठी घेऊन एम. ए. करणाऱ्या मुलीला घरचे जेव्हा विचारतात की ह्याचा उपयोग काय, तेव्हा त्या प्रश्नामागे पोटाची चिंता असते. आक्षेप प्रश्नाला नाही, आपण देत असलेल्या उत्तराला आहे. साहित्याने संवेदनशीलता वाढते, भाषांतराच्या नोकऱ्या मिळतात असे आपण सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हाही कितीतरी चर्चा अनुदानाभोवती फिरली. ही विधाने सर्वस्वी असत्य नाहीत. पण विषयाचे अस्तित्व त्यांच्यावर टेकवले, की नोकऱ्या आटताच विषयही निकालात निघतो.

ह्या संदर्भात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (1905–1986) आठवतात. देवळालीच्या शाळेत 1930 ते 1962 अध्यापन करणाऱ्या ह्या शिक्षकाने केवळ वही-पेन्सिलीच्या बळावर संख्यांचा छंद जोपासला. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही, तिला त्यांनी स्वयंभू संख्या म्हटले. 25 मध्ये 2 आणि 5 मिळवले की 32 होतात. पण 31 कोणत्याच संख्येपासून अशी मिळत नाही. पुढे 2006 मध्ये ल्यूक पेबडी ह्यांनी दाखवून दिले, की 2004 साली सापडलेली 72,35,733 अंकांची मर्सेन मूळ संख्यादेखील कापरेकरांच्या अर्थाने स्वयंभू आहे. देवळालीच्या मास्तरांचे कुतूहल त्यांच्या निधनानंतर वीस वर्षांनी अशा ठिकाणी पोचले. त्याने कोणाचे पोट भरले नाही. प्रश्न मात्र खरा होता आणि उत्तरही.

ह्या शोधाची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाब वेगळीच आहे. बहुतेक सर्व संगणकांना मिळणारे उत्तर 'नाही' असते. तरी ते 'नाही' नोंदले जाते आणि पुन्हा पडताळले जाते. मर्सेन ह्या फ्रेंच धर्मोपदेशकाने 1644 मध्ये दिलेल्या यादीत 67 वा घात होता. 1876 मध्ये ल्युकाने ती संख्या मूळ नसल्याचे सिद्ध केले आणि 1903 मध्ये कोलने तिचे अवयव मांडले. परंपरेने आलेली यादी अशी एकेका नकाराने शुद्ध होत गेली.

आता आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंकडे पाहू. त्यांच्या नावावरचे अभंग प्रामुख्याने नामदेवगाथेच्या आधाराने आपल्यापर्यंत आले. नाममुद्रा जनीची आहे म्हणून रचनाही जनीचीच, असे म्हणता येत नाही. कोणता अभंग कोणत्या जुन्या पोथीत आहे आणि कोणत्या पोथीत नाही, हे एकेक पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, आणि त्यातले बहुतेक निष्कर्षही नकारार्थीच असणार. आपल्या प्रबंधांत मात्र जनाबाईंची भक्ती, त्यांची स्त्रीजाणीव ह्यांवर प्रकरणांमागून प्रकरणे लिहिली जातात. ज्या संहितेवर हा सारा डोलारा उभा आहे, ती तपासण्याचे श्रम फार थोडे घेतात. 'ह्या पोथीत हा अभंग आढळला नाही' एवढ्या एका वाक्याला आपल्याकडे संशोधन म्हणण्याची प्रथा नाही.

ती पाडली पाहिजे. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एकेक अभंग द्यावा. त्याने उपलब्ध आवृत्त्या व हस्तलिखिते पाहून पाठभेद नोंदवावेत आणि दुसऱ्याने ती नोंद स्वतंत्रपणे पडताळावी. त्यासाठी जर्मनीतला संगणक नको. पोथ्यांच्या छायाप्रती आणि चिकाटी पुरे. कोणी उपयोग विचारलाच, तर नोकरीचे आमिष न दाखवता सरळ सांगावे : जनाबाई काय म्हणाल्या हे आम्हांला नक्की जाणून घ्यायचे आहे. ह्या उत्तराची लाज वाटण्याचे कारण नाही.