ईआरसीपीआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे!

रत्नागिरी जिल्ह्यातला आमचा माणूस आजारी पडला की त्याची फरफट ठरलेली. गावातून तालुक्याला, तालुक्यावरून रत्नागिरीला आणि तिथून आंबा घाटाने कोल्हापूरला नाहीतर रात्रीच्या गाडीने मुंबईला. त्यात कावीळ असेल तर आधीचे पंधरा दिवस गावठी औषधात जातात. मग सोनोग्राफीत कळते की पित्ताशयातला खडा पित्तनलिकेत येऊन अडकला आहे. डॉक्टर सांगतात, दुर्बिणीने काढू, पोट फाडायची गरज नाही. नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो आणि इंग्रजीत छापलेल्या संमतीपत्रावर ते अंगठा उमटवतात. त्या कागदात काय लिहिले आहे, हे त्यांना कोण वाचून दाखवतो?

असेच कागद घेऊन एक कुटुंब आमच्याकडे आले. खडा निघाला होता, पण त्याच रात्री रुग्ण भगिनीच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. स्वादुपिंडाला सूज आली होती. दोन दिवसांत घरी परतायचे, तिथे तीन आठवडे रुग्णालयात गेले. अंगावरचे दागिने मोडावे लागले. बाई वाचल्या. पण त्यांच्या मुलाने आम्हाला एकच विचारले, "साहेब, हे टळले असते का?" त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते समाजासमोर ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. तोंडातून दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंत नेतात. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका तिथे बहुधा एकाच तोंडाने उघडतात. खडा काढण्यासाठी त्या तोंडातून तार घालतात, औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतात. या खटाटोपात शेजारच्या स्वादुपिंडाला इजा पोचू शकते. साधारणपणे १०० पैकी ३ ते १० जणांना असा दाह होतो, जास्त धोक्याच्या रुग्णांत हे प्रमाण १५ पर्यंतही जाते. बहुतेकांचा दाह सौम्य असतो, पण थोड्यांच्या तो जिवावर बेततो.

आता मुद्द्याची गोष्ट. हा धोका कमी करणारे औषध आहे आणि ते महागडे नाही. सांधेदुखीवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक किंवा इंडोमेथासिन, १०० मिलिग्रॅम, गुदद्वारातून ठेवायची सपोझिटरी. २००३ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी २२० रुग्णांवर डायक्लोफिनॅकची चाचणी प्रसिद्ध केली. दाहाचे प्रमाण १५.५ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. २०१२ साली अमेरिकेत ६०२ रुग्णांवर, त्यातही बहुतेक जास्त धोक्याच्या, इंडोमेथासिन तपासले गेले. प्रमाण १६.९ वरून ९.२ टक्के झाले. २०१६ साली चीनमधील मोठ्या अभ्यासाने दाखवले की निवडक रुग्णांना नंतर देण्यापेक्षा सर्वांना प्रक्रियेआधीच दिलेले बरे. युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांची संघटना तर, ज्यांना हे औषध चालते त्या सर्वांना ते प्रक्रियेच्या लगेच आधी द्यावे, अशी शिफारस करते.

हे रामबाण औषध नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगतो. ते देऊनही काहींना दाह होतोच. या प्रकारच्या वेदनाशामकांची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा गंभीर विकार, पोटातील वाहता अल्सर, गरोदरपणाचे शेवटचे महिने, अशा वेळी ते देत नाहीत. म्हणून कोणी स्वतःच दुकानातून आणून वापरू नये. फार धोक्याच्या रुग्णाला औषधासोबत स्वादुपिंडाच्या नलिकेत छोटा स्टेंट घातल्याने आणखी फायदा होतो, हे २०२४ च्या अमेरिकन अभ्यासात दिसले. आणि नुसते निदानच करायचे असेल तर एमआरसीपी हे एमआरआयचे चित्र पुरते. तिथे दुर्बीण घालून धोका कशाला पत्करायचा?

कायद्याचे बोलायचे तर, दाह झाला म्हणजे डॉक्टर दोषी, असे होत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ सालीच बजावले आहे की उपचार बिघडला एवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. डॉक्टरांवर हात उगारणे तर सर्वस्वी चूक. पण त्याच न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितले की उपचाराचे स्वरूप, फायदे, पर्याय आणि महत्त्वाचे धोके समजावून घेतलेली संमती हीच खरी संमती. क्वचित घडणारे सगळे धोके सांगण्याची सक्ती त्यात नाही. मात्र शंभरात ३ ते १० जणांना होणारा त्रास क्वचितचा कसा म्हणता येईल? तो सांगितलाच पाहिजे, आणि रुग्णाला कळेल अशा भाषेत सांगितला पाहिजे.

म्हणून बंधू-भगिनींनो, सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. ही प्रक्रिया आत्ता खरोखर गरजेची आहे का? स्वादुपिंडाच्या दाहाचा धोका मला किती? तो टाळण्यासाठी सपोझिटरी देणार का, आणि देणार नसाल तर कारण काय? मागून औषध ठेवायचे म्हणून आमच्या आयाबहिणी लाजतात. पडदा आणि स्त्री परिचारिका मागण्यात कसलाही कमीपणा नाही. नंतर गरज पडली तर उपचाराच्या कागदपत्रांच्या प्रती लेखी मागा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे त्या ७२ तासांत मिळाल्या पाहिजेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत असतील तर औषधे त्यातच येतात. ती बाहेरून आणायला लावली तर आरोग्यमित्राकडे तक्रार करा.

शासनाकडेही आमची मागणी आहे. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे. ईआरसीपीची सोय इथेच उभी करा आणि आमच्या माणसाची घाटापलीकडची फरफट थांबवा. राज्यातल्या प्रत्येक ईआरसीपी कक्षात ही सपोझिटरी हजर ठेवा, संमतीपत्र मराठीत छापा, आणि औषध दिले की नाही याची नोंद सक्तीची करा. यासाठी कोट्यवधींचा निधी लागत नाही.

संविधानाच्या २१ व्या कलमाने दिलेला जगण्याचा हक्क गरिबालाही तेवढाच आहे. त्या मुलाच्या प्रश्नाला आम्ही "कदाचित टळले असते" एवढेच उत्तर देऊ शकलो. पुढच्या कुटुंबाला हे "कदाचित" ऐकावे लागू नये, यासाठी प्रश्न आधी विचारा!