पेनड्राइव्हची वारी आता पुरे!

सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या मजल्यावर एकच पेनड्राइव्ह खोल्याखोल्यांतून फिरतो. गेल्या वर्षी माझ्या रूम पार्टनरचा अख्खा प्रोजेक्ट रिपोर्ट त्यातच गेला. दुसरी कॉपी नव्हती. बिचारा रात्रभर टाइप करत बसला.

खरं तर फाइल दूर पाठवण्याची युक्ती जुनीच. आयआयटी कानपूरमध्ये शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ साली एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. त्यात पासवर्ड उघडाच जातो, हा दोष. १९९९ मध्ये वेबडॅव्ह आलं. सर्व्हरवरचं फोल्डर आपल्या पीसीवर ड्राइव्हसारखं दिसतं. फाइल तिथेच उघडा, तिथेच सेव्ह करा. एचटीटीपीएस लावलं की पासवर्डही झाकलेला.

कोणी म्हणेल, गूगल ड्राइव्ह आहे की! आहे, पण होस्टेलचं नेट गेलं की तो काय कामाचा? कॉलेजचा सर्व्हर कॅम्पसच्या लॅनवर, बाहेरचं नेट नसलं तरी चालतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक विद्यार्थ्याला सर्व्हरवर एक फोल्डर द्या, आणि त्याचा रोज बॅकअप घ्या. १९९१ मध्ये परम ८००० उभा करणाऱ्या पुण्यात एवढं काही अवघड नाही. सर, बघा बुवा जमतंय का!