एकाच फोनवर घर आणि कंपनी

पाळी संपल्याचा भोंगा झाला की काम आणि साहेब दोघेही कारखान्याच्या गेटाआत राहत, असा काळ पिंपरी-चिंचवडने पाहिला आहे. आता दोघेही खिशातून घरी येतात. लाइन बंद पडल्याचा निरोप, उद्याच्या पाळीतला बदल, नाकारलेल्या मालाचे फोटो आणि ठेकेदाराची हजेरीची यादी ज्या व्हॉट्सॲपवर येते, त्याच व्हॉट्सॲपवर गावच्या जत्रेची वर्गणी, भावकीतली सोयरीक आणि मुलांच्या शाळेची सूचनाही येते. घरचा आणि कामाचा गोतावळा एकाच पडद्यावर मिसळला आहे. त्याची किंमत आधी झोपेला आणि मग घराला मोजावी लागते.

हा पट्टा तीन पाळ्यांत चालतो. वाहनांचे सुटे भाग ऐनवेळी, लागतील तसे पोहोचवायचे असल्याने चाकणमध्ये एक मशीन थांबले, की भोसरीपासून तळेगावपर्यंत फोन वाजू लागतात. रात्रपाळी करून सकाळी आठ-नऊला झोपलेल्या कामगारासाठी अकराचा मेसेज म्हणजे मध्यरात्रीचा फोन. पाठवणाऱ्याच्या घड्याळात मात्र ती कामाची ऐन वेळ असते. दिवसा जागे राहावे, अशीच शरीरातल्या जैविक घड्याळाची रचना असल्याने रात्रपाळीनंतरची झोप मुळातच तोकडी आणि सावध असते. तीही तुकड्यातुकड्यांत झाली, तर पुढच्या पाळीत प्रेसवर किंवा महामार्गावर दुचाकी चालवताना लागलेली क्षणभराची डुलकी हातावर, प्रसंगी जिवावर बेतू शकते. वाकड आणि पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांतील आयटी अभियंत्याची गत याच्या उलट. त्याचा परदेशी ग्राहक जागा होतो, तेव्हा इथे जेवणाची ताटे वाढलेली असतात.

मेसेज आलाच नाही, तरी तो येईल ही धास्ती पुरेशी असते. विल्यम बेकर, लिउबा बेल्किन आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी अमेरिकेत २०१८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात कामाच्या वेळेबाहेरही ई-मेल पाहत राहावे लागेल, या नुसत्या अपेक्षेचा संबंध चिंतेशी दिसून आला. तो ताण नोकरी करणाऱ्यापुरता राहिला नाही, त्याच्या जोडीदाराच्या प्रकृतीपर्यंत पोहोचला. मुळात लांबलेले काम किती महाग पडते, हे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेच आहे. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पण घरी बसून ग्रुपवर दिलेल्या उत्तरांचे तास कोणत्याही हजेरीपुस्तकात चढत नाहीत.

यावर 'फोन बंद ठेवा' हा सल्ला सोपा आहे आणि निरुपयोगीही. कंत्राटी कामगाराने एक निरोप चुकवला, तर त्या दिवसाची हजेरी बुडू शकते. मराठवाडा, विदर्भ किंवा खानदेशातून आयटीआय करून आलेल्या मुलाला पहिली जागा कळते, तीही बहुधा अशाच एखाद्या ग्रुपवर. ओळखी हे इथले भांडवल आहे. ते कसे काम करते, याचा अभ्यासही झाला आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले, की नव्या संधीची बातमी जिवलगांपेक्षा जुजबी ओळखीच्या माणसांकडून अधिक मिळते, कारण जिवलगांना ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरील पाच वर्षांच्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यांनी या मताला बळ दिले, पण एक महत्त्वाची पुस्तीही जोडली. संगणकाशी अधिक निगडित उद्योगांत जुजबी ओळखी नोकरी मिळण्यास उपयोगी ठरल्या. ज्या उद्योगांत असा वापर कमी, तिथे मात्र घट्ट नात्यांचा उपयोग अधिक झाला.

या निष्कर्षाचा अर्थ या पट्ट्याने आपल्यापुरता लावायला हवा. आयटीतल्या तरुणाने अनोळखी माणसांशी व्यावसायिक ओळख वाढवण्यात तथ्य आहे. पण वर्कशॉपमध्ये हातांनी काम करणाऱ्याला कदाचित शेकडो ग्रुपांपेक्षा आयटीआयचा वर्गमित्र, खोलीतला जोडीदार आणि गावचा मामेभाऊच अधिक उपयोगी पडेल. कामाच्या ओळखींसाठी घरच्या नात्यांचा वेळ खर्च करणे हा त्याच्यासाठी दुहेरी तोटा ठरू शकतो. प्रकृती बिघडते आणि अडीअडचणीला उभी राहणारी माणसेही दुरावतात.

सरमिसळीचा आणखी एक त्रास आहे. सुट्टीवर गेलेल्या कामगाराने जत्रेतल्या कुस्तीचा स्टेटस ठेवला, की तो आईबरोबर सुपरवायझरही पाहतो. प्रत्येकासाठी वेगळे बोलणारा माणूस सगळ्यांसमोर एकदम उभा राहिला, की त्याला एकतर गप्प बसावे लागते किंवा सतत सावरून बोलावे लागते. विरंगुळ्याची जागाही मग कामाच्या जागेसारखी वाटू लागते.

उपाय खर्चाचे नाहीत. दोन सिमच्या फोनवर कामाचा क्रमांक वेगळा ठेवता येतो. 'डू नॉट डिस्टर्ब' लावून घरच्या निवडक क्रमांकांनाच वाजण्याची मुभा देता येते. स्टेटस कोणी पाहावा हेही ठरवता येते. झोपेच्या वेळा घरच्यांना आणि सुपरवायझरला आधीच सांगून ठेवता येतात. मात्र सगळा भार कामगाराच्या शिस्तीवर टाकणे अन्यायाचे आहे. लॉरा जुर्गे आणि व्हनेसा बोन्स यांच्या २०२१ च्या संशोधनानुसार, पाठवणाऱ्याला जेवढी घाई असते, त्यापेक्षा जास्त घाई मेसेज मिळणाऱ्याला वाटते. 'तातडीचे नाही' एवढे लिहिले तरी हा गैरसमज कमी होतो. चाकणमधल्या कोणत्याही कंपनीला हे दोन शब्द आजपासून वापरता येतील. जोडीला तीन नियम हवेत. खरोखर तातडीचे असेल तर मेसेज न पाठवता फोन करावा, पाळीतला बदल पाळी सुटण्यापूर्वी सांगावा आणि रात्रपाळीच्या ग्रुपवर दुपारपर्यंत काही टाकू नये. हे नियम ठेकेदारांनाही लागू हवेत, नाहीतर ते कायम कामगारांपुरतेच उरतील.

फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा दिली. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये लोकसभेत तसे खासगी विधेयक मांडले. असा कायदा जेव्हा होईल तेव्हा तो नऊ ते सहाचे ऑफिस डोळ्यांसमोर ठेवून होता कामा नये. ज्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते, त्याच्या दाराशीही त्या हक्काने पोहोचले पाहिजे. तोपर्यंत ग्रुपवर निरोप टाकण्यापूर्वी समोरचा कोणत्या पाळीला आहे, एवढे पाहण्याची सवय प्रत्येक साहेबाने लावून घ्यायला काहीच हरकत नाही.