झाडपाला म्हणजे निर्धोक नव्हे



गुडघेदुखीवरच्या चिनी झाडपाल्याने ‘अपाय होतच नाही’, हे मागच्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे भाबडे आहे. वजन घटवायच्या चिनी औषधांनी स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाल्याचे बेल्जियमच्या डॉक्टरांनी १९९३ मध्ये नोंदवले. एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती त्यात गेली होती.

म्हणून वनौषधी टाकाऊ ठरत नाहीत. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांवर २४ आठवडे चाचणी घेतली. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी यांची मिश्रणे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या औषधांच्या तोडीस तोड उतरली. मात्र काहींच्या यकृताच्या तपासणीतले आकडे वाढल्याचेही २०१३ च्या शोधनिबंधात नमूद आहे.

चुडावा स्थानकात गुडघा धरून डब्याची पायरी चढणाऱ्या आजींचे दुखणे बिनलेबलच्या पुडीने दोन दिवसांत पळाले, तर तिच्यात स्टेरॉइड कालवलेले नाही ना, ही शंका आधी यावी.

औषध चिनी असो वा देशी, वेष्टनावरचे घटक आणि परवाना क्रमांक पाहावा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्यास पुडी डॉक्टरांनाही दाखवावी.

— एक वाचक, चुडावा (जि. परभणी)